यशवंता, तुला कुणी बोलावलं होतं?

यशवंता,

तू गेल्यापासून मी रोज तुझ्याशी भांडतो आहे. सकाळी दौंडात चहाला बसलो की समोर तुझं दुकान दिसतं, शटर खाली ओढलेलं, आणि माझं डोकं फिरतं. माणसं म्हणतात, म्हस्कूशेठ, गेलेल्या माणसावर काय चिडायचं? मी म्हणतो, जिवंत होता तेव्हा त्यानं कुठं पुरं भांडू दिलं? तू कधी आवाज चढवला नाहीस. मी ओरडायचो, तू शिलाईचं मशीन चालवत राहायचास, आणि माझा दम संपला की विचारायचास, "झालं? आता मी बोलू?" आणि मग कायद्याचं बोलायचास.

तुझ्या वस्तीतली पोरं एक छोटी पुस्तिका काढणार आहेत. त्यात तुझ्याविषयी चार ओळी द्या म्हणून ती माझ्याकडे आली. तुझा जन्म, शिक्षण, कुटुंब हे सगळं त्यांनीच लिहिलं आहे. मला तसलं जमत नाही. मी निमोण्यात बापाच्या मेंढरांमागं वाढलेला माणूस. शेरडं-मेंढरं विकता विकता दोन गाड्या केल्या, भांडगावला रस्त्याकडेला जागा घेऊन मेंढरांचं वाडगं बांधलं. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. म्हणून फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. आणि तरीसुद्धा, नव्वद सालाच्या आगेमागे, तुझ्या नादानं मी होमगार्डात नाव घातलं.

खरं सांगायचं तर नादानं नाही. खाकी अंगात असली की नाक्यावर ओळखी होतात आणि जनावरांचा टेंपो कमी अडतो, एवढा साधा विचार होता माझा. तुझ्या मनात काय होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

प्रशिक्षणाचा तो दिवस तुला आठवत असेल. मैदानात कडुलिंबाखाली बसवून आपल्याला कायदा समजावून सांगितला होता. हे दल कुणाच्या मर्जीनं उभं राहिलेलं नाही, मुंबई प्रांत होता तेव्हा कायदा करून उभं केलेलं आहे. दलातला माणूस सरकारी नोकर नव्हे. तो आपला धंदा सांभाळून आपणहून येणारा. पण त्याला कामावर बोलावलं, की त्या बोलावण्यापुरते त्याला पोलिसाइतके अधिकार आणि पोलिसाइतकं संरक्षण. बोलावणं संपलं की तो पुन्हा शिंपी, पुन्हा मेंढरंवाला.

मी मागून म्हणालो, "म्हंजी भाड्याची जीप. गिऱ्हाईक उतरलं की रिकामी." सगळे हसले. शिकवणारेही हसले. तू हसला नाहीस. घरी परतताना सायकल हातात धरून चालत होतास, आणि मध्येच थांबून म्हणालास, "म्हस्कू, बोलावलं की मी पोलीस. कायद्यातच तसं हाय." नव्या ठाणातलं कापड दोन बोटांत धरून बघावं, तसं ते वाक्य तू दोनदा म्हणालास. मला वाटलं, खाकीची हौस आहे बिचाऱ्याला.

गणवेश आले ते सगळे एकाच मापाचे. पलटणीतल्या निम्म्या माणसांच्या विजारी गळत होत्या आणि उरलेल्यांच्या चढत नव्हत्या. ते सगळे तू तुझ्या दुकानात बसून उसवलेस आणि ज्याच्या त्याच्या मापाला आणलेस. माझ्या कमरेला टेप लावून विचारलंस, "शेठ, पोट हितंच थांबणार हाय, का अजून पुढं जायचा इचार हाय? आधीच सांग." दुकानात बसलेले रेल्वे कॉलनीतले दोघं-तिघं माझ्याकडे बघून हसत होते. मी तुला शिव्या दिल्या, आणि शर्ट घालून आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

आता त्या टाकाऱ्याचं. ते तू कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगतो.

त्या उन्हाळ्यात चोरांच्या आवया उठल्या होत्या. गावोगावच्या पोरांनी काठ्या घेऊन आपापली गस्त सुरू केली होती. त्यांना ना कुणी नेमलं होतं, ना कुणी बोलावलं होतं. भीमेकाठच्या एका गावात गडबड होईल अशी बातमी आली, पोलिसांनी आपल्या पथकाकडे माणसं मागितली, आणि त्या दुपारी आपल्या दोघांना बोलावणं आलं. आपण पोचलो तेव्हा चावडीसमोरच्या खांबाला एक म्हातारा बांधलेला होता. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून देत गावोगाव फिरणारा टाकारी. त्याच्या पिशवीत छिन्नी आणि हातोडी सापडली, एवढ्यावर पोरांनी त्याला घरफोड्या ठरवला होता. मारायला सुरुवात झालेली होती. मी टेंपो विकत घ्यायला गेल्यासारखा चार बाजूंनी अंदाज घेत होतो, की इथं बोलणी कुणाशी करावी. तू बोलणीच केली नाहीस. सरळ चावडीची पायरी चढलास आणि म्हणालास, "सोडा त्याला."

पुढं होता तो मोठ्या घरचा पोरगा. तो तुला ओळखत होता. तुझा चुलता त्याच गावात, गावाबाहेरच्या वस्तीत राहिलेला. पोरगा हसून म्हणाला, "तू कोण रं सांगणार?"

"मी बोलावलेला होमगार्ड हाय," तू म्हणालास. "ह्या घडीला मी पोलीस. दोरी सोड."

तुझा आवाज मोठा नव्हता. पोरानं तुझ्याकडे बघितलं, मग तुझ्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघितलं, आणि दोरी सोडली. म्हाताऱ्याची छिन्नी-हातोडी तू परत मागून घेतलीस, पिशवीत घातलीस आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवलंस. येताना हापशावर थांबून तू बराच वेळ तोंड धूत राहिलास. मी दांडा हाणत होतो.  तू म्हणालास, "त्या पायरीवर माझ्या चुलत्याला बसू देत न्हवते." एवढंच. मला तेव्हा वाटलं, ठीक आहे, जुन्या गोष्टी आहेत. त्या पायरीवर तू कशाच्या जोरावर उभा राहिला होतास, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं.

आणि मग शिरूर.

तू म्हणशील, आलास का पुन्हा तिथंच. आलो. मेल्यावरही ऐकावं लागणार तुला.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि भाव असेल तशी बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं असली तरी सौदा दोघांतच राहतो. ना साक्षीदार, ना कागद. तुला हे कधी पटलं नाही. "आंधळ्याचा कारभार हाय तुमचा," म्हणायचास. त्या दिवशी शिरूरच्या आठवडे बाजारात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याशी माझा सौदा झाला, मेंढरं त्याच्या गाडीत चढली, आणि तो म्हणाला, तू हे बोट दाबलंच नव्हतंस. माझा स्वभाव तुला माहीत. मी त्याची गचांडी धरली. त्याच्याबरोबर चौघे होते. पुढचं सगळं धुळीत झालं. मी खाली पडलो तेव्हा मला कापडाच्या दुकानांच्या तोंडाशी तू दिसलास, काखेत कॅनव्हासचा गठ्ठा, अंगात साधा सदरा. मी हाक मारली. "यशवंता." तू बघितलंस. आपली नजरानजर झाली. तू गठ्ठा खाली टाकलास आणि पळालास, उलट्या दिशेला.

पोलीस घेऊन आलास तोवर माझा पुढचा दात पडला होता आणि खांद्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात तू खाटेशेजारी बसलास. मी विचारलं, "हाक मारली तवा कुठं पळाला?"

"पोलीस आणाया."

"आन् तू कोण हाईस?"

"त्या वक्ताला न्हवतो. बोलावणं न्हवतं."

"मी बोलावलं न्हाई व्हय तुला?" मला ओरडताना खांदा दुखत होता, तरी ओरडलो. "खाकी काय कातडी हाय, काढली की माणूस बदलतो?"

 मग तू जे म्हणालास ते मला आजही शब्दाला शब्द येतं. "तुझी बदलत न्हाई, म्हस्कू. माझी बदलती. खाकीत मी कुणाला धरलं, तर धरणारा हात सरकारचा. साध्या सदऱ्यात त्यातल्या एकाला जरी हात लावला असता, तर बाजारात बोंब म्हस्कूच्या नावाची उठली नसती. माझ्या जातीची उठली असती. आन् सांजच्या आत ती माझ्या वस्तीवर आली असती."

मी तोंड भिंतीकडे केलं. तू म्हणालास, "पळालो, पण पोलिसाकडं पळालो. पायात होतं तेवढं पळालो."  बरा झाल्यावर गणवेश नेऊन दिला आणि दल सोडलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी जिथं बसेन तिथं सांगत होतो, की आमच्या दौंडात एक होमगार्ड आहे, दोस्ताला मार बसायला लागला की फार चांगला पळतो.

तुझ्या कानावर ते जात होतं. तरी तू बोलणं सोडलं नाहीस, आणि मीही तुझं दुकान सोडलं नाही. टोमणा मारायला का होईना, येत राहिलो. चौकात तू बंदोबस्ताला उभा असलास की मी मुद्दाम गाडी हळू करायचो. "काय फौजदार, आज बोलावलंय का?"

"व्हय, आज बोलावलंय. गाडी बाजूला घे."

"आन् न्हाई घेतली तर?"

"तर पावती फाडाया त्यो हवालदार हाय, त्याला बोलावतो." आणि तू मला खरंच गाडी बाजूला घ्यायला लावायचास, गर्दी नसली तरी.

कपडे मी तुझ्याकडेच शिवले. मध्ये एकदा माझा एक जुना शर्ट दंडात दाटायला लागला म्हणून दुसऱ्या शिंप्याकडे दिला, तुझ्याकडे यायची त्या आठवड्यात इच्छा नव्हती. त्यानं शिवण उसवली आणि म्हणाला, कुणी शिवलाय हो हा, पुढं सैल करता यावा म्हणून आत एवढी माया सोडलेली मी कुणाच्या कपड्यात बघितली नाही. मी म्हणालो, आहे एक पळपुटा. पण घरी येईपर्यंत त्या शर्टाची आतली शिवण मी बोटांनी चाचपत होतो. हे तुला सांगायचं राहिलं. सांगायचं पुष्कळ राहिलं आहे, त्यातलं हे एक.

आपला वाद शेवटपर्यंत सुटला नाही. मी म्हणायचो, तुमच्या दलाला स्वयंसेवकांचं दल म्हणतात, स्वयं म्हणजे आपणहून, मग बोलावण्याची वाट कसली बघता? तू म्हणायचास, आपणहून एकदाच यायचं, नाव घालताना. पुढं हुकमानं. आपणहून काठी उचलणाऱ्यांनी त्या टाकाऱ्याला खांबाला बांधलं होतं, आणि कायद्यानं बोलावलेल्यानं सोडवलं, हे तू मला दरवेळी ऐकवायचास. "आपलं दल कायद्यानं जन्माला आलंय. कायद्याच्या भाईर पाऊल टाकलं की आपण बी त्या पोरांसारखं काठीवालं." मी विचारायचो, आणि समोर माणूस मरत असला, बोलावणं नसलं, तर? तू मशीन थांबवायचास. "तर माणूस म्हणून जे करता येतं ते करायचं. हाका मारायच्या, आडवं जायाचं. त्याला कायदा कशाला लागतो?"

मी म्हणायचो, मग शिरूरला का नाही गेलास आडवा? आणि तू पुन्हा मशीन सुरू करायचास. त्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर होतं का, यशवंता? मला वाटतं होतं, आणि ते तू एकदा दिलंही होतंस, दवाखान्यात. मीच ते घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि भांडण संपलं असतं तर तुझ्या दुकानात येऊन बसायला मला निमित्त काय राहिलं असतं, कुणास ठाऊक.

या पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि भीमा दोन्ही काठ भरून चालली. पाणी बघायला दौंडातली माणसं घाटावर लोटली. बंदोबस्ताला तुमच्या पथकातले काही जण बोलावले होते. त्यात तू नव्हतास. आदल्या बंदोबस्ताला तू जाऊन आला होतास, पाळी दुसऱ्यांची होती. तू नदीकडच्या गल्लीत कुणाचे तरी शिवलेले कपडे द्यायला गेला होतास. कपडे दिलेस, आणि घाटावर बघितलंस तर माणसं पार कडेला, जिथली माती खालून धुऊन गेली होती तिथं उभी. पोलीस पलीकडच्या टोकाला होते. तू त्या माणसांना मागं सारायला लागलास. अंगात साधा सदरा, हातात रिकामी पिशवी. एका बाईनं सांगितलं, ते हात जोडून मागं व्हा म्हणत होते, आणि एक जण त्यांना म्हणाला, तुम्हाला कुणी नेमलंय? तू त्यालाही हात जोडून मागं व्हा म्हणालास म्हणे. मग तिच्या पायाखालची माती गेली. तू तिला मागं ढकललंस आणि तूच गेलास.

दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडलास. तुला पोहता येत नव्हतं हे मला माहीत होतं. माझ्या गावी आलास की निमोण्याच्या विहिरीवर मी तुला किती चिडवायचो.

तुझी माती झाली आणि चार दिवसांनी मला कळलं, की दलाच्या लेखी तू कामावर नव्हतास. नदीवर एक शिंपी बुडाला, एवढंच. कामावर असताना गेला असतास तर सलामी, पथकाच्या भिंतीवर फोटो, घराला जे काही मिळायचं ते, सगळं झालं असतं. माझं टाळकं सरकलं. मी तडक पथकाच्या समादेशकांकडे गेलो. तुला ठाऊक आहे, ते मानसेवी, एरवी खताचं दुकान चालवतात. मी खताच्या पोत्यावर बसलो आणि म्हणालो, यशवंताचं काय करताय?

ते वाईट मनाचे नाहीत. म्हणाले, "शेठ, बोलावलं असतं तर आज मी स्वतः सलामी दिली असती. बोलावलं नव्हतं."

मी म्हणालो, घाटावरच्या हवालदारानं त्याला लांबून हाक मारली होती, अण्णा, तेवढी माणसं हटवा म्हणून. चार माणसांनी ऐकलंय.

"ती हाक झाली," समादेशक म्हणाले. "बोलावणं नव्हे."

यशवंता, त्या वेळी मला काय झालं असेल ते तूच ओळख. तेच ऐकून मी एकदा भिंतीकडे तोंड केलं होतं. या वेळी केलं नाही. रोज जाऊन त्या पोत्यावर बसलो. त्या बाईला घेऊन गेलो, तिनं रडत रडत सांगितलं. वस्तीतली जाणती माणसं नेली. गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. गोड बोललो. धमकीही दिली. जन्मभर जे जे शिकलो ते सगळं त्या दुकानात ओतलं. शेवटी एका दुपारी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "त्या दिवशीची यादी अजून वर पाठवलेली नाही. एक नाव वाढवतो. सकाळी निरोप पोचला होता, एवढं घरच्यांनी सहीनिशी लिहून द्यावं."

माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा सौदा केलेला नाही. तिथून निघालो तेव्हा उड्या मारायच्याच बाकी होत्या.

कमलवहिनी तुझ्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी सहीसाठी लिहून नेलेला मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला, ओठ हलवत. मग माझ्या हातात परत दिला.

"निरोप आला न्हवता, भाऊजी."

मी म्हणालो, ते मला माहीत आहे, समादेशकांनाही माहीत आहे, सगळ्या दौंडाला माहीत आहे. पण त्यावाचून यशवंता कुणाच्या लेखी कामावर होत नाही. घराचा विचार करा. त्यानं दलाला एवढी वर्षं दिली, दलानं त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

"मशीन हाय घरात. मला बी शिवता येतं."

"वहिनी, मी किती दिवस त्या पोत्यावर बसलो, तुम्हाला कल्पना हाय का?" माझा आवाज चढला होता. नवऱ्याला जाऊन पंधरवडाही झाला नाही अशा बाईवर मी ओरडत होतो. त्या तुझ्यासारख्याच, माझा दम संपेपर्यंत थांबल्या.

"जल्मभर बोलावल्यावर गेले," त्या म्हणाल्या. "एकदाच न बोलावता गेले. ते एक तरी त्यांचं त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी उठलो. चपला घालून रस्त्यावर आलो आणि बराच वेळ नुसता चालत राहिलो, रेल्वेच्या पुलापर्यंत. वहिनींनी किती मोठी गोष्ट सोडली होती ते मला कळत होतं, आणि त्या का सोडतात तेही कळत होतं. पण मला टोचत होतं ते वेगळंच. त्या म्हणाल्या, एकदाच. ते एकदा माझ्यासाठी नव्हतं. ज्या बाईचं नावही तुला माहीत नव्हतं तिच्यासाठी होतं.

खोटं कशाला बोलू? हे मला आजही गिळवत नाही. नदीवर तू मध्ये पडलास तर तुला पाणी ओढून नेणार होतं, आणि शिरूरला मध्ये पडला असतास तर तुझ्यामागं सगळी वस्ती ओढली गेली असती, हा फरक मला पुलावर उभ्या उभ्या समजला. स्वतःचा जीव तू बोलावण्यावाचून देऊ शकत होतास. दुसऱ्यांचा देत नव्हतास. समजलं, पण दुखायचं थांबलं नाही. दोन्ही एकदम खरं असतं, यशवंता, आणि हे तुझ्याशी बोलायला आता तू नाहीस, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

दुसऱ्या दिवशी कागद समादेशकांना परत केला. काय झालं ते सांगितलं. त्यांनी तो घडी करून गल्ल्यात ठेवला. मग म्हणाले, "तर मग दलातर्फे मला काही करता येणार नाही. सलामी नाही, गणवेशात कुणी यायचं नाही. मी कुणाला निरोपही देणार नाही." मी म्हणालो, देऊ नका.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या विहारात होता. मी सकाळीच जाऊन मांडववाल्याशी वाद घातला, खुर्च्या लावल्या. दुपारी तुमच्या पलटणीतली माणसं यायला लागली. कुणी रेल्वे कॉलनीतून चालत, कुणी भांडगावहून मोटारसायकलवर, एक जण तर शिरूरहून एस्टीनं. सगळे साध्या कपड्यांत. मी म्हणालो, बसा, खुर्च्या आहेत. कुणी बसलं नाही. विहाराबाहेरच्या पिंपळाखाली ते उभे राहिले, आणि उभे राहता राहता त्यांची आपोआप रांग झाली. सगळ्यांत शेवटी समादेशक आले, पांढऱ्या शर्टात, आणि पुढं न जाता रांगेच्या टोकाला उभे राहिले.

त्यांतला एक जण मला म्हणाला, "शेठ, या."

मी म्हणालो, "मी कवाच सोडलंय."

"म्हून काय झालं? उंचीनं कुठं बसताय ते बघा आन् उभं ऱ्हावा."

मी गेलो. माझ्या उंचीची जागा मधोमध निघाली. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं आणि पुटपुटला, "थोडं मागं, शेठ, पोट भाईर येतंय." मी मागं सरलो.

आत त्रिसरण-पंचशील झालं. मग बौद्धाचार्यांनी तुझं नाव घेतलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. हुकूम कुणी दिला नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांच्या टाचा जुळल्या. पायांत चपला होत्या, त्यामुळं आवाज झाला नाही. माझ्या सगळ्यांत शेवटी जुळल्या.